उजव्या हाताला नदी

१८ नोव्हेंबर

इंजिनियरसाहेब,

सतरा नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ लिहून ठेवा, मी ठेवली आहे. या वेळी मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते, म्हणजे मी अजून जिवंत आहे हे सरकारला पटवून देत होते. आणि तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला पाठीवर पिशवी अडकवून जिना उतरवत होतात. वॉचमननं पाहिलं. म्हणाला, "बाई हसत होत्या." बेबी हसतेच. तिला भूल द्यायला नेलं असतं तरी ती हसत गेली असती.

दारावर तुमची चिठ्ठी. त्या रेखीव, ड्रॉइंगच्या अक्षरात: "नदीच्या परिक्रमेला निघालो आहोत. एका काठानं खाली, दुसऱ्या काठानं वर. पायी. फोन घरी ठेवला आहे. पत्रं पुढील मुक्कामांवर पाठवावीत." छान. नोकरीभर या नदीच्या पाण्यात तुम्ही क्लोरीन ओतलंत, मीटर बसवलेत, लोकांचे नळ तोडलेत. पेन्शन सुरू झाल्यावर ती माता झाली.

तुम्ही जा. समुद्रापर्यंत जा, पलीकडेही जा. माझं भांडण बेबीवरून आहे. तिला आमच्या आईचं नाव आठवत नाही, संडासची कडी आठवत नाही. आठवतं ते तुमचं अक्षर. घरभर चिठ्ठ्या लावल्या आहेत तुम्ही: गॅसला हात लावू नकोस. दार उघडू नकोस. चारपर्यंत झोपून राहा. ती वाचते आणि पाळते. आणि दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि ते जेवायला गेले. मी ऊठ म्हटलं, नर्सनं म्हटलं. उचलायला गेलो तर किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला. शेवटी डॉक्टरांना तोंडातल्या घासासकट बोलावून आणलं, ते "उठा" म्हणाले आणि ही उठली. ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं झालं आहे. तुम्ही तेव्हा खो खो हसला होतात. "ट्रेनिंग माझं आहे," म्हणाला होतात.

मी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. सर्जन कितीही मोठा असो, रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजून जुळल्याशिवाय मी पोट शिवू दिलं नाही. तुम्ही दोघं गेलात. दोघं परत यायचंत.

तिच्या गोळ्या घेतल्यात का, ते उलट टपाली कळवा.

बेबीची ताई


६ डिसेंबर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून वाचलं. तुमचा राग नदीनं वाहून नेला, मला काही लागलं नाही.

रागावू नका, पण तुम्ही हे पाहायला हवं होतं. पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि धुक्याखाली नदी श्वास घेते. खरंच ऐकू येतो. मी आयुष्यभर पाणी घनमीटरमध्ये मोजलं. परवा ओंजळीत घेतलं आणि पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. सूर्य वर आला, ओंजळीतलं पाणी तांबडं झालं, ते सोडवेना. बोटांच्या फटींतून आपोआप गेलं. मी रडलो, ताई. चाळीस वर्षांत रडलो नव्हतो.

परिक्रमेचे नियम कडक आहेत. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. ती ओलांडायची नाही. आणि मागे फिरायचं नाही, काठी विसरली तरी नाही. आमच्यातल्या एका शिक्षकांचा चष्मा मुक्कामावर राहिला, तर ते तसेच पुढे निघाले. आता दगड चाचपत चालतात, पण चेहऱ्यावर काय समाधान! आमच्या गटाचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश आहेत, फार अधिकारी पुरुष. ते म्हणतात, चालणाऱ्यानं रोज एकेक ओझं खाली ठेवत जावं.

बेबी मजेत आहे. तुम्हाला नमस्कार सांगते. तिचा वेग कमी पडतो, त्यामुळे गटाला थांबावं लागतं, थोडी कुरबुर होते. गोळ्या मी बंद केल्या. नदीच्या पाण्यात सगळं आहे.

आपला,
इंजिनियर


१४ डिसेंबर

इंजिनियरसाहेब,

नदीच्या पाण्यात काय काय आहे त्याचे रिपोर्ट तुमच्याच सहीनं निघायचे. मला सांगू नका.

गोळ्या आज सुरू करा. वेगळ्या पिशवीत ठेवून रजिस्टरनं पाठवल्या आहेत.

तुम्ही लिहिता, ओझं. कोण ओझं? तिनं तुमच्या आईचं अंथरुणातलं सगळं काढलं. तुम्ही साइटवर असायचात आणि म्हातारी भिंतीला तोंड करून शिव्या द्यायची. कुरबुर करणाऱ्या गटाला हे सांगा. न्यायाधीशांना आधी सांगा.

आता नीट वाचा. तिचा नमस्कार तुमच्या अक्षरात मला नको. तिच्या हातची एक ओळ पाठवा. "ताई, मी बरी आहे." वेडीवाकडी चालेल, उलटी लिहिली तरी चालेल.

आणि तिला रिकामं बसवू नका, ती घाबरते. हातात कापड द्या. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा सुट्टीत तिला गॉजची घडी घालायला शिकवली होती. चारी कडा आत, एक दोरा बाहेर दिसता कामा नये. मी शाळेत नन्सच्या हाताखाली वाढले, मला सगळं सरळ रेषेत लागायचं. ती माझ्यापेक्षाही नेटकी घडी घालायची. बाकीचं सगळं गेलं, हे राहिलं आहे. तिच्या पाठीवरच्या पिशवीत थिएटरच्या जुन्या हिरव्या चादरीचे मी दिलेले तुकडे असतील, त्यांच्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. तासन्‌तास घालते घड्या. शांत राहते.

ओळीची वाट बघते.

ताई


१७ जानेवारी

आदरणीय ताई,

तुमचं पाकीट मागच्या मुक्कामी मिळालं. खरं सांगतो, उघडलं नाही. रागाचा शब्द वाचायचा नाही, असा नियम मी नव्या वर्षापासून घेतला आहे. तसंच पाण्यात सोडलं. एखाद्या पानासारखं गेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, माझंही बरंच काही असंच सोडलं आहे.

बेबीला विश्रांतीसाठी मागे एका आश्रमात चांगल्या माणसांकडे ठेवलं आहे. काळजी नसावी.

आता खरी बातमी. आमच्या मागून चालणारे लोक रोज एकच गोष्ट सांगतात. जुन्या पुलाच्या अलीकडच्या घाटावर एक मौनी माई प्रकट झाली आहे. तिसऱ्या पायरीवर बसते, पाण्याकडे तोंड करून. ऊन, थंडी, काही नाही. उठत नाही. कुणी भरवलं तर खाते. कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. म्हणतात, एका सकाळी धुकं विरलं आणि ती तिथं होती. तिच्या चेहऱ्यावर सतत हसू असतं. ताई, आम्ही सगळे इतके चालतो, पाय सोलून निघतात, आणि एवढी स्थिरता आमच्यातल्या एकालाही साधलेली नाही! न्यायाधीश म्हणाले, अशा व्यक्तीचं दर्शन पूर्वपुण्याई असल्याशिवाय होत नाही.

आम्ही त्या घाटावरूनच आलो होतो, पण तेव्हा ती नव्हती. आता मागे फिरता येत नाही. फार चुटपुट लागली. पण तिची कृपा बघा, मागून आलेल्या एका शिंप्यानं मला तिचा प्रसाद दिला. ती कापडाच्या लहान लहान घड्या घालते, त्याच लोक नेतात. माझ्याकडे दोन होत्या. एक तुम्हाला पाठवतो आहे. उशाशी ठेवा. तुमचं मन शांत होईल.

आपला,
इंजिनियर


४ फेब्रुवारी
जुन्या पुलाजवळचा घाट

निवृत्त न्यायाधीश महोदय,

हे पत्र इंजिनियरांना आहे, पण ते बंद पाकिटं पाण्यात सोडतात म्हणून तुमच्या नावे पाठवते. संध्याकाळी सगळे जमल्यावर मोठ्यानं वाचावं, ही विनंती. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची कागदपत्रं वाचलीत, हेही वाचाल.

इंजिनियरसाहेब, तुमच्या पाकिटातून प्रसाद पडला. हिरवा. चारी कडा आत, एक दोरा बाहेर नाही. तो तुमच्या हातात होता. तुम्ही तो कपाळाला लावला असेल. ज्या बाईनं तुमच्यासमोर बसून रोज तसल्या घड्या घातल्या, तिचं तुम्हाला काही म्हणजे काही आठवलं नाही. विसरण्याचा आजार तिला झाला आहे असं डॉक्टर म्हणतात.

मी पहिल्या गाडीनं आले. दर्शनाला रांग होती. बँकेतल्यापेक्षा मोठी. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढची बाई नातवाच्या परीक्षेसाठी आली होती. इथल्या लोकांनी माईचं मंडळ काढलंय; त्यांनी वर पत्रे टाकलेत, कर्णा लावलाय, बेबीच्या गळ्यात हार घातलेत. ते ओले हार तिच्या छातीवर दिवसभर असतात. खोकते आहे.

मी खाली वाकले. "बेबी," म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातातली घडी पुढे केली. "सिस्टर, बरोबर आहे ना?"

म्हटलं, "अगदी बरोबर आहे. ऊठ आता, घरी जाऊ."

"नको. ते पाणी आणायला गेलेत."

"कोण ते?"

"ते हो." मग हळूच म्हणाली, "मोठ्यानं बोलू नका. मी उठले तर ते रागावतात."

मौनी म्हणे. तिला कुणी काही विचारलंच नाही इतके दिवस. सगळे मागत होते.

मी तिच्या काखेत हात घातला. ती किंचाळली. मंडळाची माणसं धावत आली. सेक्रेटरी म्हणून एक तरुण आहे, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "आजी, रांग सोडा."

"ही माझी बहीण आहे."

"सगळ्याच बायका माईच्या बहिणी आहेत."

"अरे, सख्खी! हिला बेबी म्हणतात. हिचा नवरा हिला टाकून गेलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला पोलिसांत द्या." मी स्वतःच गेले पोलिसांत. हवालदार म्हणाला, नवऱ्याची तक्रार आहे का? नाही ना? मग हरवलेली कशी? आणि जाता जाता त्यानं घाटाच्या दिशेनं हात जोडले.

चहाच्या टपरीवाल्या बाईला सगळं आठवतं, कारण तिच्याकडचाच चहा तुमच्या गटानं घेतला. बारा डिसेंबर, सकाळी सातची वेळ. तुम्ही बेबीला पायरीवर बसवलंत. "बस इथं, पाणी घेऊन आलोच," म्हणालात. समोर अख्खी नदी आणि तुम्ही पाणी आणायला निघालात! मी तिच्या हातची ओळ मागत होते तेव्हा ती इथं बसली होती.

तिच्या पायांना सूज आहे. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो. मी इथंच खोली घेतली आहे. बायका पडदा धरतात, मी तिचं सगळं करते, गोळ्या देते. तुमची नदी मी पाहिली. पहिल्या दिवशी पाय बुडवले, थंडगार. सुंदर आहे. ती पुढे जाते, कारण तिला दुसरं काही येत नाही. तिचा यात काही दोष नाही, तिला मध्ये घेऊ नका.

आणि हे तुमच्या खात्याचं. घाटावर नोटीस लावली आहे: दहा मार्चला वरच्या धरणातून पाणी सोडणार, खालच्या पायऱ्या बुडतील. तिसरी पायरी खालची की वरची, ते तुम्ही मला सांगायला नको, मी बाजूच्या खांबावरची जुनी पाण्याची रेघ पाहिली. ती बेबीच्या डोक्याच्या वर आहे. सेक्रेटरीला विचारलं, तेव्हा काय करणार? त्याचे डोळे चमकले. "तो दिवस आम्ही जाहीर केलाय, आजी. माई उठणार नाहीत. तेच तर बघायला लोक येणार आहेत."

"आणि उठली तर?"

"स्वतः उठल्या तर आम्ही कोण अडवणार? पण नाही उठायच्या."

तुम्ही या. गाडी करा, नदी डाव्या हाताला घ्या, कुठल्याही हाताला घ्या, पण या. एक शब्द म्हणायचा आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

न्यायाधीशांनी पत्र वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, सगळ्यांसमोर. मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटलं, आता हे लोक माझ्या तोंडावर थुंकतील. पण तो चष्मा हरवलेला शिक्षक उठला, चाचपत आला आणि माझ्या पाया पडला. "माईचे पती," म्हणाला. मग एकेक करून सगळे. आता पुढच्या गावी आम्ही पोचण्याआधी बातमी पोचते. लोक पाय धुवायला तांब्या घेऊन उभे असतात.

तुम्हाला खरं हवं आहे ना? घ्या. ती आदल्या दिवशी चालता चालता नऊ वेळा थांबली होती, एकाच झाडाला नमस्कार करायला परत परत जात होती. मी तिला बस म्हणालो, पाणी आणतो म्हणालो. वळणापर्यंत मला खरंच वाटत होतं की मी पाणी आणायलाच निघालो आहे. वळणावर पोचलो, मागे पाहिलं नाही, आणि पाय इतके हलके झाले ताई, की मला वाटलं, हाच तो अनुभव. लोक ज्यासाठी चालतात तो हाच. दुपारी न्यायाधीशांना सांगितलं. ते म्हणाले, मागे फिरलात तर तुमची परिक्रमा खंडित, आणि तुमच्यासाठी थांबलो तर सगळ्यांची. मग ते विषय सोडून बोलू लागले. ती कुणाबरोबर तरी येईल, असं मी धरून चाललो. नंतर तेही धरलं नाही.

आता मागे फिरलो तर मी कोण उरतो, सांगा? बायकोला घाटावर टाकून गेलेला म्हातारा. पुढे गेलो तर निदान परिक्रमा पूर्ण केलेला माणूस. आणि कोण जाणे, आम्हाला जन्मोजन्मी जे मिळत नाही ते तिला बसल्या जागी मिळालं असेल. नदीनंच तिला ठेवून घेतलं असेल, तर मी कोण उठवणारा?

मला यापुढे लिहू नका.


२६ फेब्रुवारी
जुन्या पुलाजवळचा घाट

इंजिनियरसाहेब,

लिहिणार. न्यायाधीशांच्याच नावे, आणि पुन्हा मोठ्यानं वाचण्यासाठी. तुमच्या पाया पडणाऱ्यांनी पुढे बसावं.

तुमचे हलके पाय मला समजले. थिएटरमध्ये असे सर्जन मी पाहिलेत. पोटात काय राहिलं ते न बघता शिवून मोकळे व्हायचे, हात धुवायचे आणि बाहेर नातेवाइकांना सांगायचे, छान झालं. त्यांनाही हलकंच वाटत असेल.

नदीनं ठेवून घेतलं, हे मला सांगू नका. नदीनं तिला "बस" म्हटलेलं नाही.

मी एक लबाडी करून पाहिली. तुमच्या जुन्या चिठ्ठीवरून दोन दिवस अक्षर गिरवलं आणि कागद बेबीपुढे धरला: "बेबी, ऊठ." तिनं तो नीट वाचला. उजेडात धरून वाचला. मग माझ्या हातात परत दिला आणि माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "सिस्टर, अक्षर बरं आहे, पण त्यांचं नाही. ते आले की मी उठते हं." मग तो कागद मागून घेतला आणि त्याची घडी घातली. चारी कडा आत.

काल सेक्रेटरीनं अजून चार कर्णे आणले. पलीकडच्या काठावर लोकांना बसायला बांबूची मचाणं उभी राहताहेत. खेळणीवाला आलाय. बेबीला त्याच्याकडचं कागदी भिरभिरं आवडलं. मी तिला एक घेऊन दिलं, पण वारा नसला की ती फुंकर मारते, आणि तेवढ्यानंही धाप लागते. तिचा श्वास आता मला बाहेरूनच ऐकू येतो. नदीचाही येतो म्हणालात ना तुम्ही? मला नाही आला. बेबीचा येतो.

तर मागे फिरू नका. तुमचं पुण्य खंडित करायला मी सांगत नाही. उजव्या हाताला नदी ठेवा, डाव्या हाताला पाय धुणाऱ्यांचे तांबे ठेवा आणि चालत राहा. मला तुम्ही नकोच आहात. मला तुमचं अक्षर हवं आहे. तुम्ही तिला जे कधी लिहिलं नाहीत ते लिहा. सोबत कोरा कागद आहे, पेन आहे, या घाटाचा पत्ता घातलेलं तिकिटाचं पाकीट आहे. त्यावर तुमच्या ड्रॉइंगच्या अक्षरात एवढंच उतरवा:

"बेबी, ऊठ. पाणी मिळालं नाही. मी येणार नाही. ताईबरोबर घरी जा."

खाली सही नको. नदीमाता नको, आशीर्वाद नको. "मी येणार नाही" हे मात्र गाळू नका. ते नाही वाचलं तर ती घरी दारात बसेल.

ती वाचेल आणि उठेल. सगळ्या कर्ण्यांसमोर, सगळ्या मचाणांसमोर, फुगलेल्या पायांवर उभी राहील. मंडळ मला शिव्या देईल, मी घेईन. नोकरीत खूप घेतल्या.

आणि तुम्ही हे पाकीटही पाण्यात सोडलंत, तर ऐकून ठेवा. मी आजपासून खोली सोडली आहे. बेबीच्या शेजारी, तिसऱ्याच पायरीवर बसले आहे. मोजणी जुळल्याशिवाय मी आजवर थिएटर सोडलं नाही, आणि आता या वयात नवी सवय लावून घेणार नाही. पाणी आलं तर दोघींना येईल. मंडळाला एका माईच्या जागी दोन मिळतील, आणि पुढच्या गावी तुमच्या पाया दुप्पट लोक पडतील. तेवढं पाणी किती घनमीटर असेल, त्याचा हिशेब मात्र तुम्हालाच करता येईल. संध्याकाळी ओंजळ भरलीत की करा.

तुमच्या मुक्कामाहून इथं टपाल यायला दोन दिवस लागतात. मी पोस्टात विचारून घेतलं आहे. आळसाला आणि साधनेला जागा ठेवून मुदत देते आहे.

उत्तर लेखी, तुमच्याच हाताचं. सात मार्च, दुपारी चारच्या आत.

बेबीची ताई
तिसरी पायरी